डॉक्टरेटचा परदेशी अर्ज आणि नवी पेठेतलं स्कॅनिंग सेंटर

आफ्रिका अभ्यासातल्या पीएचडीसाठी जर्मनीतल्या बायरॉइटसारख्या विद्यापीठाकडे अर्ज करायचा, तर कागदपत्रांसाठी नवी पेठेतलं हे स्कॅनिंग सेंटर उत्तम. स्कॅन ३०० डीपीआयवर, सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये, क्रमाने. पदवीवरचा सोनेरी शिक्का कधी कधी स्कॅनमध्ये नीट उठत नाही. तसं झालं की इथे न सांगता पान पुन्हा घेतात.

विद्यापीठाच्या नावांची मेख मात्र त्यांना सांगावी लागते. सोलापुरातल्या कॉलेजची २००४ पूर्वीची पदवी शिवाजी विद्यापीठाची, नंतरची सोलापूर विद्यापीठाची, २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची. शेवटची दोन नावं एकाच विद्यापीठाची, पण बाहेरच्या वाचणाऱ्याला ती दोन वेगळी विद्यापीठं वाटतात, म्हणून एका ओळीचा खुलासा जोडाच.

इथे तयार मिळणारा संशोधन आराखडा मात्र अजिबात घेऊ नका! त्यातला ‘आफ्रिकेतील वस्त्रोद्योग’ हा विषयच नव्हे, तो अख्खा खंड झाला. ‘मोम्बासातील कांगा कापडावरच्या स्वाहिली म्हणी’ (केनियातलं शहर, तिथल्या बायकांचं छापील वस्त्र आणि तिथली भाषा) असं लिहिलं की गाव, भाषा, साधनं सगळं ठरतं. मग स्वाहिली किती येते आणि क्षेत्रकार्य किती महिने, हेही लिहावंच लागतं. संभाव्य मार्गदर्शकाला पत्र त्याचं लेखन वाचूनच पाठवा.