डिजिटल हँडी कोणती घ्यावी? साताऱ्यातून दीड वर्षाचा अनुभव

मी हॅम आहे, म्हणजे सरकारी परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारी, आणि हँडी म्हणजे आमचा हातात मावणारा वायरलेस संच. गोडोलीतलं आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे. गच्चीत उभं राहिलं की किल्ला हाताला लागेल इतका जवळ दिसतो, आणि माझ्या टू मीटर बँडच्या (लहरपट्ट्याच्या) सिग्नलला आडवाही तोच येतो. पाच वॅटच्या साध्या एफएम हँडीवर मी साताऱ्यात बोलते, पण पुण्यातल्या धाकट्या भावापर्यंत माझा आवाज जात नाही. तोही हॅम आहे, त्याचीही कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारं रेडिओवरचं नाव, व्हीयू३ने सुरू होते. परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास आम्ही एकाच वहीतून केला होता. त्याच्याशी फोनवर नाही, रेडिओवर बोलायचं होतं. डिजिटलकडे मी वळले ती एवढ्यासाठीच. हे आधी सांगते, कारण कोणती हँडी घ्यायची याचं उत्तर कुणाशी बोलायचं आहे यावर ठरतं. संच त्यानंतर येतो.

पहिली खरेदी माझी चुकली. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘डीएमआर’ (ही एक डिजिटल पद्धत) लिहिलेला एक स्वस्त संच घेतला. घरी आल्यावर कळलं की तो टिअर वन आहे. म्हणजे दोन संच थेट एकमेकांशी बोलतील, पण रिपीटरसाठी, म्हणजे उंचावरून सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रासाठी, लागणारे टाइम स्लॉट (वेळेचे ठरलेले भाग) त्याला कळतच नाहीत. आपल्या कामाचा डीएमआर टिअर टू असतो. विक्रेत्याला हा प्रश्न लेखी विचारा, आणि उत्तर आल्याशिवाय पैसे देऊ नका. परवान्याची प्रत न मागता, बिल न देता संच विकणाऱ्याकडे तर जाऊच नका. आपल्याकडे वायरलेस संच बाळगायलाही परवाना लागतो. आधी परीक्षा, मग कॉलसाइन, मग खरेदी, हा क्रम मोडू नये.

आता पद्धती. डी-स्टार जपानच्या हॅम संघटनेने म्हणजे जेएआरएलने विकसित करवून घेतली आणि आयकॉमने ती पुढे नेली. सी४एफएम म्हणजे यासूची सिस्टम फ्युजन. डीएमआर हे युरोपात ठरलेलं व्यावसायिक वॉकीटॉकीचं मानक, हॅम मंडळींनी ते आपलंसं केलं. तिन्ही पद्धती एकमेकींशी थेट बोलत नाहीत. माझ्या ओळखीतले बहुतेक जण डीएमआरवर, भावाकडेही डीएमआरचाच संच, म्हणून माझा प्रश्न तिथेच सुटला. तुमच्या गावातले चौघे सी४एफएमवर असतील तर डोळे मिटून यासू घ्या.

दीड वर्ष वापरतेय ती एनीटोनची एटी-डी८७८यूव्ही टू प्लस. ३१०० एमएएचची बॅटरी माझ्या वापरात दोन दिवस सहज जाते. याला एक तांत्रिक कारणही आहे. डीएमआरमध्ये १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीत वेळेचे दोन भाग पाडलेले असतात, ३० मिलिसेकंद तुझे, ३० माझे. आपण बोलत असताना ट्रान्समीटर निम्मा वेळ बंदच असतो. जीपीएस, एपीआरएस (आपलं ठिकाण रेडिओवरून कळवणारी सोय) आणि ब्लूटूथ आत आहेत. संपर्कांची यादी पाच लाखांपर्यंत भरता येते, त्यामुळे कुणी बोलायला लागलं की पडद्यावर ओळखक्रमांकाऐवजी कॉलसाइन आणि नाव उमटतं. नव्या माणसाला याचा फार आधार वाटतो.

पडद्यावर दोन वाहिन्या दिसतात, पण आत रिसीव्हर एकच आहे. वर भाऊ बोलत असताना खालच्या एफएमवर कुणी हाक मारली तर ती कानावर येत नाही. आयकॉमच्या आयडी-५२ मध्ये आणि यासूच्या एफटी-५डी मध्ये खरोखर दोन रिसीव्हर आहेत. एखाद्या कार्यक्रमात नेट, म्हणजे एकाच वाहिनीवर अनेकांचं ठरवून चालणारं बोलणं, सांभाळणाऱ्याने हा फरक जरूर लक्षात घ्यावा. अँटेनाचंही तसंच. एनीटोनच्या डोक्यावर एसएमए जोडणीची नर बाजू आहे, आयकॉम-यासूवर मादी. मैत्रिणीची लांब अँटेना मला जोडणीचा तुकडा मधे घातल्याशिवाय लावता आली नाही.

खरी मेहनत कोडप्लगची. हँडीत कोणती फ्रिक्वेन्सी, कोणता कलर कोड (रिपीटरशी जुळवायचा आकडा), कोणता स्लॉट आणि कोणता टॉकग्रुप (बोलणाऱ्यांचा गट), याची सगळी फाइल म्हणजे कोडप्लग. ती कॉम्प्युटरवर बनवून केबलने आत उतरवायची, आणि एनीटोनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. त्याआधी परवान्याची प्रत पाठवून स्वतःचा सात आकडी डीएमआर आयडी घ्यायचा. भारतातले आयडी ४०४ने सुरू होतात. दुसऱ्याचा कोडप्लग तसाच उतरवून घेण्याचा मोह होतो, तो टाळा. परदेशी कोडप्लगमध्ये हॉटस्पॉट, म्हणजे हँडीला इंटरनेटशी जोडणारा घरगुती डबा, कधी ४३३वर, कधी ४३८.८००वर असतो. आपल्याला ७० सेंटिमीटर बँडमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच मोकळे आहेत. टू मीटरमध्ये १४४ ते १४६. अमेरिकेत १४८पर्यंत परवानगी आहे, म्हणून तिकडच्या फाइलींत १४७च्या वाहिन्याही भरलेल्या असतात. संच त्या सगळ्या ठिकाणी प्रसारण करू शकतो, तो अडवणार नाही. अडवायचं आपणच. एन्क्रिप्शनची सोय दिसली तर तिला हात लावू नका. हॅमचं बोलणं उघडंच असलं पाहिजे.

पहिले तीन दिवस माझा सिग्नलचा काटा हलायचा आणि आवाज मात्र शून्य. हँडी बिघडलीय असंच वाटलं. कारण साधं निघालं. ज्या टॉकग्रुपवर समोरचा बोलत होता, तो माझ्या ऐकण्याच्या यादीतच नव्हता. मेनूतला डिजिटल मॉनिटर सुरू करा, मग जे काही येतंय ते सगळं ऐकू येतं. एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर त्या तीन रात्री मी झोपले असते. दुसरं, पीटीटी (बोलण्याची कळ) दाबल्यावर एक क्षण थांबून बोला, नाहीतर कॉलसाइनमधलं ‘व्हीयू’ गिळलं जातं.

भावाशी बोलते ते हॉटस्पॉटवरून. रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर बसवलेला छोटा बोर्ड, त्यात पाय-स्टार हे सॉफ्टवेअर, ताकद जेमतेम दहा मिलिवॅटच्या घरातली. हँडी त्याच्याशी बोलते, तो इंटरनेटवरून ब्रँडमायस्टरच्या जाळ्यात जातो आणि पुण्यात भावाच्या हॉटस्पॉटमधून बाहेर पडतो. आवाज थोडा नाकातून आल्यासारखा वाटतो, पण भावाची ‘ताई’ अशी हाक पहिल्यांदा त्या डब्यातून आली तेव्हा मी उत्तर द्यायची विसरले होते.

दिवाळीत तो आला तेव्हा आम्ही दोघांनी यवतेश्वरचा घाट मोजून काढला. मी पोवई नाक्यावर, तो गाडीने कासच्या दिशेने वर. प्रत्येक वळणावर थांबायचं, आधी एफएम, मग त्याच ताकदीत थेट डीएमआर, हॉटस्पॉट नाही, इंटरनेट नाही. मधल्या वळणांवर डीएमआरने एफएमला मागे टाकलं. एफएमवर खरखर वाढत होती, आणि डीएमआरवर भाऊ शेजारच्या खोलीत बसल्यासारखा. मग पठाराच्या पलीकडे एका जागी डीएमआर दोनदा तुटक गुरगुरलं आणि गप्प झालं. तिथेच एफएमवर खरखरीच्या आतून ‘पोचलो’ एवढा शब्द कळला. संकटात मला तो शब्द लागेल. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं तेव्हापासून मी हाच विचार करते. मोबाइलचे टॉवर बंद पडले की हॉटस्पॉटही मुका होतो. म्हणून डिजिटल हँडी निवडतानाही तिचा एफएम रिसीव्हर कसा आहे ते आधी ऐका, गर्दीच्या ठिकाणी, टॉवरजवळ उभं राहून ऐका.

या बाबतीत मला मैत्रिणीची यासू एफटी-७०डी आवडली. दोन्ही बँडवर तिचा एफएम माझ्या कानाला स्वच्छ लागला, आणि कॉलसाइन भरली की सी४एफएम सुरू, कोडप्लगचा प्रश्नच नाही. समोरचा एफएमवर आला की ती आपोआप एफएमवर जाते. आयडी-५२ एका ज्येष्ठ हॅमकाकांनी तासभर हातात दिली. रंगीत पडदा उन्हातही वाचता येतो, बांधणी पक्की, पण डी-स्टारवर माझ्या ओळखीचं त्यांच्याशिवाय कुणी नाही. त्या किमतीत माझी हँडी, हॉटस्पॉट आणि जादा बॅटरी हे सगळं आलं.

माझा एक दृष्टिहीन हॅम मित्र आहे. मोर्सला माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. माझी एनीटोन हातात घेऊन मेनूत चाचपडताना त्याला पाहिलं आणि वाईट वाटलं. तो वापरतो टीवायटी एमडी-यूव्ही३८०, आत मूळ सॉफ्टवेअरऐवजी ओपनजीडी७७. ऑस्ट्रेलियातले रॉजर क्लार्क, व्हीके३केवायवाय, यांनी पुढाकार घेऊन उभं केलेलं हे काम. त्यात संच बोलून सांगतो, वाहिनी कोणती, टॉकग्रुप कोणता, बॅटरी किती. मित्र हँडी कानाशी धरतो, दोन कळा दाबतो आणि माझ्याआधी नेटमध्ये चेक-इन झालेला असतो. संच वापरणाऱ्याचे डोळे अधू असतील किंवा बोटांना बारीक मेनू जमत नसेल, तर माझी शिफारस एनीटोनची नाही, या जोडीची आहे. जुनी हँडी कुणाला द्यायची असेल तर त्यात ओपनजीडी७७ बसतं का, ते आधी बघा.

माझ्या हँडीत आता पहिली वाहिनी भावाची, दुसरी १४५.५०० एफएम. अंधारातही नॉब एक खटका फिरवला की एफएम लागतं. यवतेश्वरचा घाट पुढच्या वेळी पावसात मोजायचा आहे.