सीएमव्ही: रोजची गोळी की दर आठवड्याचं पीसीआर?

सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूचा आजार टाळायला रोज गोळी घ्यायची, की दर आठवड्याला पीसीआर, म्हणजे रक्तातला विषाणू शोधणारी तपासणी, करत राहायची? किडनी बदलून घरी निघताना डॉक्टरांनी हा निर्णय माझ्याशी बोलून घेतला. आईची किडनी, दोघांचंही सीएमव्हीचं आयजीजी पॉझिटिव्ह, म्हणजे विषाणू आधीच अंगात येऊन गेल्याची रक्तातली खूण. आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांचं असतंच. विषाणू लहानपणी अंगात शिरतो आणि जन्मभर दबून राहतो. त्याला दाबणाऱ्या टी-पेशींनाच (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) टॅक्रो, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध, गप्प करतं, म्हणून पहिले महिने जपायचे.

मी आधी तपासणीचा मार्ग धरला. तत्त्व म्हणून तो मला आजही पटतो. रक्तात विषाणू दिसला तरच औषध. तोवर टी-पेशींना तो थोडाथोडा दिसत राहतो आणि त्या त्याच्याशी लढायला पुन्हा शिकतात. गोळी चालू असताना ही तालीम फारशी होत नाही, त्यामुळे ती थांबल्यावर काहींना उशिरा आजार येतो. अमेरिकेतला एक अभ्यास २०२० साली छापून आला. त्यात यकृत बदललेले २०५ जण होते, दाता पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह असे. गोळीवाल्यांत १९ टक्क्यांना सीएमव्हीचा आजार झाला, दर आठवड्याला तपासलेल्यांत ९ टक्क्यांना.

पण मी राहतो सांगलीत. सोमवारी विश्रामबागला रक्त द्यायचं, ते बर्फाच्या डब्यातून मुंबईला जायचं, रिपोर्ट गुरुवारी नाहीतर शुक्रवारी. मध्ये सण आला की नवीन रक्त द्यायची वेळ यायची, तरी जुन्याचा पत्ता नाही. उठलेला विषाणू दोन-तीन दिवसांत दुप्पट होऊ शकतो, हे एकदा कळल्यावर ते चार दिवस सरत नाहीत. अंग जरा कोमट लागलं की मी रात्रभर थर्मामीटर उशाशी घेऊन बसायचो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, रस्ते बंद झाले आणि माझी नळी इथेच पडून वाया गेली. पाणी ओसरल्यावर पुन्हा रक्त दिलं, तोवर ताप आणि जुलाब सुरू झाले होते. असा पूर दर वर्षी येत नाही, हे खरं. पण माझं मन त्याच्या आधीच्या आठ आठवड्यांत फिरलं होतं.

सीएमव्हीच्या त्या आजारावरचे उपचार पूर्ण झाल्यावर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, म्हणजे वर म्हटलेली गोळी, रोजचं झालं. जेवणासोबत, न मोडता. खर्च जड आहे. पांढऱ्या पेशी २,४०० वर उतरल्या, मायकोफेनोलेट (किडनी टिकवायचं दुसरं औषध) काही दिवस निम्मं करावं लागलं, आणि ते कमी केलं की रिजेक्शनची, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याची, भीती असतेच. तरी हा पेशी उतरण्याचा त्रास साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीत, दिसतो. सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी आकडा हातात, डॉक्टरांना फोन, डोस ठरला. माझ्यासाठी तराजू इथेच झुकला.

तुम्ही पुण्या-मुंबईत असाल, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळत असेल किंवा पांढऱ्या पेशी आधीच कमी असतील, तर तपासणीचा मार्ग कदाचित बरा. दाता पॉझिटिव्ह आणि तुम्ही निगेटिव्ह असाल, तर गोळी किती दिवस हे नीट विचारा. किडनीच्या अशा रुग्णांत १०० दिवसांऐवजी २०० दिवस दिल्यावर वर्षभरातला आजार सुमारे ३७ टक्क्यांवरून १६ वर आला होता. शेवटचा शब्द अर्थात तुमच्या डॉक्टरांचा.

आणि गोळी बंद झाली म्हणून पीसीआर लगेच सोडू नका. मी पुढचे तीन महिने महिन्याला एकदा करत राहिलो. तेव्हा रिपोर्टला चार दिवस लागले तरी झोप लागायची.