दहावी दुरुस्ती आणि ९,६९९ डॉलर

निवृत्त झाल्यावर मी पुस्तक लिहायला बसलो तेव्हा हिला वाटलं, प्रवासवर्णन असेल. निघालं अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या दहाव्या दुरुस्तीवर! वॉशिंग्टनच्या सरकारने कुठवर हात घालावा आणि राज्यांनी कुठे ‘आता बास’ म्हणावं, हा विषय. मी वकील नाही, माझी नोकरी न्यू जर्सीत पूल-रस्त्यांच्या कामात गेली. पण राज्यांनी खेळांवरच्या पैजांना परवानगी देऊ नये असं बजावणारा १९९२ चा केंद्रीय कायदा २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला, आणि तो खटला लढलं होतं आमचंच राज्य. तेव्हापासून या विषयाने मला झपाटलं. चार वर्षं लायब्ररीत बसून २४० पानं लिहिली, इंग्रजीत.

असल्या कोरड्या पुस्तकाला प्रकाशक कुठला मिळायला? दोन ठिकाणांहून सभ्य नकार आले. मग ‘तुमचं पुस्तक आम्ही काढतो’ म्हणणाऱ्या एका कंपनीच्या फॉर्मवर नाव-नंबर आणि दोन पानी सारांश भरून टाकला.

दुसऱ्याच दिवशी फोन. माझं आडनाव त्या माणसाने अचूक उच्चारलं. इतकी वर्षं या देशात राहून ज्याचं आडनाव रोज चेंगरलं जातं, त्याला विचारा याची किंमत! वर म्हणाला, “सर, तुमचा तो फिलबर्न! रात्री झोप लागली नाही मला.”

रॉस्को फिलबर्न हा ओहायोतला शेतकरी. केंद्र सरकारने गव्हाला मंजूर केलेली जमीन ११.१ एकर, याने पेरला २३ एकरांत. जादा पिकलेले २३९ बुशेल (धान्याचं इथलं माप) मी घरात आणि जनावरांना वापरणार, विकणार नाही, असं त्याचं म्हणणं. दंड झाला ११७ डॉलर ११ सेंट, आणि १९४२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो योग्य ठरवला. घरचा गहू वापरला म्हणजे बाजारातला घेतला नाही. सगळेच असं करू लागले तर आंतरराज्य व्यापारावर परिणाम होणार, आणि तो व्यापार केंद्राच्या अखत्यारीत. माझ्या चौथ्या प्रकरणात या निकालाची मी यथेच्छ सालपटं काढली आहेत. फोनवरच्या त्या माणसाला फिलबर्न माहीत होता, कारण तो सारांशाच्या पहिल्याच पानावर होता. हे माझ्या लक्षात आलं आठ महिन्यांनी.

पॅकेज २,९९९ डॉलरचं. संपादन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), सगळं त्यात. मग ‘कॉपीराइट नोंदणी’चे ३५०. एकट्या लेखकाने स्वतः ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी ४५ डॉलर आहे, पण तेव्हा कोण बघायला गेलं होतं?

त्यानंतरचा खर्च मात्र अजून जिव्हारी लागतो. तुम्ही कोर्टाच्या निकालांतले उतारे घेतले आहेत, त्याच्या परवानग्या काढाव्या लागतील, ६५० डॉलर. दिले! सुप्रीम कोर्टाच्या निकालांवर कोणाचाही कॉपीराइट असू शकत नाही, हे त्याच कोर्टाने १८३४ मध्ये सांगून ठेवलंय. शे-दीडशे निकाल वाचले, नेमका तो वाचायचा राहिला.

प्रूफ आलं. राज्यांच्या अधिकाऱ्यांना वेठीला धरून केंद्राने आपलं काम करून घेऊ नये, या तत्त्वाला इथे ‘अँटी-कमांडियरिंग’ म्हणतात. माझं अर्धं पुस्तक त्यावर उभं. संपादकाने, म्हणजे बहुधा कुठल्याशा सॉफ्टवेअरने, झाडून सगळीकडे त्याचं ‘कमांडिंग’ करून टाकलं होतं. एकाही माणसाने पान वाचलेलं नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र लाल पेन घेऊन १३७ चुका दुरुस्त करत बसलो, आणि छापील प्रतीत त्यातल्या निम्म्या तशाच.

पुढे ‘दुकानांनी पुस्तकं परत पाठवली तर’ म्हणून विमा, १,२००. आणि शेवटी सिनेमा. हो, सिनेमा. हॉलिवूडमधल्या कोणाला तरी फिलबर्नची गोष्ट आवडली म्हणे, फक्त पटकथेचा आराखडा करून द्यायचा, ४,५०० डॉलर, आणि तेही थेट बँकेतून पाठवा. ही म्हणाली, “दहाव्या दुरुस्तीवर सिनेमा? आणि त्यात गाणी कोण म्हणणार?” मी चिडलो आणि पैसे पाठवले. त्यानंतर फोन बंद.

विम्याचे पैसे क्रेडिट कार्डाने भरले होते आणि त्याचं स्टेटमेंट येऊन ६० दिवस व्हायचे होते, म्हणून तेवढे १,२०० भांडून परत मिळाले. बँकेतून पाठवलेले ४,५०० बुडाले ते बुडालेच. आणखी एक गोम: आयएसबीएन कंपनीच्या नावावर, म्हणजे नोंदीत प्रकाशक ते. इथे स्वतःच्या नावाने एक नंबर १२५ डॉलरला मिळतो, दहा घेतले तर २९५ ला. भारतात तो सरकारकडून फुकट मिळतो, तेव्हा पुण्या-मुंबईत कोणी त्याचे पैसे मागितले तर कशाचे ते विचारा. मागणीनुसार छापून देणाऱ्या ॲमेझॉनवर पुस्तक चढवायला काही लागत नाही. छपाईच्या मूळ फायली कोणाकडे राहणार, हे मात्र पैसे देण्याआधी लिहून घ्या. मला त्या मिळाल्या नाहीत. सगळं पुस्तक पुन्हा जुळवतोय.

तक्रार द्यायला आमच्या टाउनशिपच्या पोलिसांकडे गेलो. कंपनी एका राज्यात नोंदवलेली, खातं दुसऱ्या राज्यात, फोन बहुतेक देशाबाहेरून. ऑफिसर म्हणाला, हे आमच्या हाताबाहेरचं, एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्राकडे जा. याच धंद्यातल्या काही जणांवर सॅन डिएगोत केंद्रीय सरकारी वकिलांनी आरोप ठेवलेत: ८०० हून अधिक लेखक, ४ कोटी ४० लाख डॉलर.

घरी येऊन फॉर्म उघडला. फोनवरून वा तारेवरून राज्याबाहेर फसवणूक करणं हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा १९५२ चा कायदा उभा आहे तो आंतरराज्य व्यापाराच्या त्याच कलमावर, ज्याने फिलबर्नचा गहू पकडला. मी निमूट एकेक रकाना भरत होतो. ही चहा ठेवून खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, “तुमचं ते चौथं प्रकरणही जोडा की पुराव्याला.”