कासव घेण्याआधी ते एकदा कोरडं करून बघा

मी फसले ती चकाकीला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून "अहो, एवढंही कळलं नाही?" असं तुम्ही म्हणालच. म्हणा. मीही तेच म्हणते आहे गेले तीन महिने.

मुलाने वर्षभर कासवाचा धोशा लावला होता. विकत आणायचं नाही, कुणाला नकोसं झालेलं असेल तर दत्तक घ्यायचं, इथवर आमचं एकमत झालं. मग एक जाहिरात दिसली. बदली झाली आहे, लाडकं कासव चांगल्या घरी द्यायचं आहे, कवच एकदम निरोगी, टाकी-दिवा-खाणं सगळं सोबत. कासव फुकट, पैसे फक्त सामानाचे. चार फोटो होते. लाल कानाचं कासव (रेड-इअर्ड स्लायडर ही जात), पाठ अशी झळझळीत की नुकतं पॉलिश केलेलं लाकूड वाटावं. चारही फोटोंत ते एक तर पाण्यात होतं किंवा नुकतंच बाहेर काढलेलं. हे तेव्हा लक्षात आलं नाही.

गृहस्थ बोलायला फार गोड. "ताई, पैशाचं नंतर बघू, आधी तुमच्या घरी ऊन येतं का सांगा," असं विचारणाऱ्यावर संशय कसा घ्यायचा? सामानाच्या नावाखाली घेतलेली रक्कम नव्या सामानापेक्षा जास्त होती, हे घरी येऊन हिशेब केल्यावर समजलं. कासव त्यांनी पाण्याने भरलेल्या टबात आणलं. "प्रवासात सुकायला नको." आता माहीत आहे की पाण्यातलं कासवसुद्धा नेताना ओलसर फडक्यात, हवेशीर खोक्यात ठेवतात. टबात ते हेलकावे खातं, आपटतं. पण टब कासवासाठी नव्हताच. पाण्यात असेपर्यंत कुठलंही कवच चमकतं, आणि मग त्यावरची बनावट चमक वेगळी दिसत नाही.

पहिले पंधरा दिवस आम्ही खुशीत. पोराने नाव ठेवलं बंड्या. बंड्या दगडावर चढून तासन्‌तास पडून राहायचा, आम्हाला वाटायचं किती शांत. (तो शांत नव्हता, अशक्त होता.) मग एके दिवशी दिव्याखाली दिसलं की पाठीवर एका कडेला काहीतरी पांढुरकं उचललं गेलंय. मोबाईलच्या स्क्रीनगार्डखाली हवा शिरते ना, अगदी तसं. फोटो काढून त्यांना पाठवला. लगेच उत्तर, "कात टाकतंय ताई! अभिनंदन! वाढ चांगली चाललीये."

ही थाप अर्धी खरी होती, म्हणूनच पचली. लाल कानाची कासवं कवचावरचा जुना थर टाकतात. पण कवच म्हणजे वेगवेगळ्या तुकड्यांची जोडणी असते. पाठीवर मधोमध पाच मोठे खवले, दोन्ही बाजूंना चार-चार, आणि कडेने लहान खवल्यांची झालर. प्रत्येक खवला आपापली साल सोडतो. ती पातळ, अर्धपारदर्शक, नेमकी त्या खवल्याच्या आकाराची, त्याच्या रेषांसकट निघते. माझ्या नखाला लागून जो पापुद्रा निघाला, तो तीन खवल्यांवर सलग पसरला होता, मधल्या खाचांवरून सरळ पलीकडे गेलेला. कोऱ्या प्लास्टिकसारखा, त्यावर एक रेष नाही. खरी साल खाच ओलांडूच शकत नाही. ही गोष्ट मी हातात धरून बघत होते आणि मला दिसत नव्हती.

उलट मी आणखी एक मूर्खपणा केला. "कात टाकताना कवचाला पोषण लागतं," म्हणून त्यांनी ओळखीच्या माणसाकडचं खास तेल सुचवलं, आणि मी ते घेतलं. आठवडाभर रोज कापसाने चोळत बसले. तेलाने कवचाला काही मिळत नाही. घाण चिकटते, ओल कोंडते, आणि बुरशी-जीवाणूंची सोय होते. माझ्या हातांनी मी ती सोय केली.

शेवटी वास आला. टाकी धुवायला बंड्याला उचललं, उलटा केला, आणि फुलदाणीतलं पाणी चार दिवस बदललं नाही की येतो तसा कुबट वास. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर शोधल्या (सगळेच पशुवैद्य कासव बघत नाहीत, तो शोध आधीच करून ठेवा). त्यांनी पाठीकडे बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कोरडं असतानाही असंच चमकतं का?"

म्हटलं हो, फार सुंदर आहे ना?

त्या काही बोलल्या नाहीत. चिमट्याने पापुद्रा धरून हळूहळू सोलायला लागल्या. पारदर्शक नेलपॉलिशसारखं काहीतरी, दोन-तीन हात दिलेले. खाली खडूसारखे पांढरे डाग, आणि उजवीकडच्या तिसऱ्या खवल्यावर एक तपकिरी खळगा. तो कसल्याशा पुट्टीने बुजवून वर रंग दिला होता. डॉक्टरांनी अवजाराचं टोक हलकेच लावलं तर ते ओल्या पुठ्ठ्यात शिरावं तसं आत गेलं. रक्ताचा एक ठिपका आला आणि बंड्याने मागचा पाय झटकन आत ओढला. दुखलं त्याला. कवच म्हणजे अंगावर घातलेलं चिलखत नाही. पाठीचा कणा आणि बरगड्या त्याच्याशी एकजीव झालेल्या असतात, वर फक्त आपल्या नखांसारखा केराटिनचा थर. आत नसा आहेत, रक्त आहे. कवच कुजणं म्हणजे हाडापर्यंत पोचू शकणारी जखम, आणि ती रक्तात पसरली तर जीव जातो. त्या जखमेवर कुणीतरी वॉर्निश फासून झाकण लावलं होतं. आत ओल, बाहेरून हवा बंद. (ते काढायला घरी नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातलं ॲसिटोन कासवाला घातक आहे.)

मग डॉक्टरांनी मागच्या पायांच्या वरची कवचाची कड अंगठ्याने दाबली. ती किंचित वाकली. "पाण्यातल्या कासवाचं कवच जरा मऊच असतं," हेही मला सांगण्यात आलं होतं. मऊ पाठीची कासवं असतात, पण ती जातच निराळी. लाल कानाच्या कासवाचं अगदी लहान पिल्लू सोडलं तर कवच टणक हवं. मऊ का झालं, त्याचं उत्तर सामानासोबत आलेल्या दिव्यात होतं. तो म्हणे खास कासवांचा दिवा. निळसर प्रकाशाचा साधा बल्ब निघाला. कासवाला यूव्हीबी (एक प्रकारचे अतिनील) किरण लागतात, २९० ते ३२० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले. ते अंगावर पडले की कातडीत ड जीवनसत्त्व बनतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. नाहीतर शरीर हाडांतून कॅल्शियम उचलतं, आणि कवच हाडच आहे. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे निळ्या रंगावरून काहीच कळत नाही. खोक्यावर यूव्हीबी लिहिलेलं नसेल, किंवा खोकंच हरवलंय असं कुणी सांगितलं, तर तो दिवा फक्त उजेडाचा समजा. आणि खराखुरा दिवासुद्धा उजेड देत राहतो पण त्यातला यूव्हीबी हळूहळू संपतो, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलायचा. काचेच्या खिडकीतून येणारं ऊनही उपयोगाचं नाही. काच हे किरण अडवते. "तुमच्या घरी ऊन येतं का" या प्रश्नाची आठवण झाली आणि संताप आला.

खाणं म्हणून दिलेला डबा नुसत्या सुकवलेल्या झिंग्यांचा होता. एवढ्यावरच कासव जगवलं तर कॅल्शियम कमी पडणारच.

एक्स-रेमध्ये हाडं फिकट, धुरकट. आणि बंड्या ही बंडी निघाली. नराच्या पुढच्या पायांची नखं चांगली लांब होतात, हिची आखूड. "नर आहे, पूर्ण वाढलाय, हाताच्या पंजाएवढाच राहील," असं सांगितलं होतं. मादी २५ ते ३० सेंटीमीटर होते. नीट जपली तर वीस-तीस वर्षं जगते. कवचाच्या दर अडीच सेंटीमीटर लांबीला साधारण ४० लिटर पाणी असा ढोबळ हिशेब धरतात. आम्हाला मिळालेली टाकी ५० लिटरची.

कासव देणाऱ्या त्या गृहस्थांना फोन केला. आधी "तुमच्याकडे आल्यावर झालं असेल", मग "नको असेल तर नदीत सोडून द्या, मजेत जगेल." हे तर करूच नका. बाहेरून आलेलं हे कासव स्थानिक कासवांची जागा आणि अन्न बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली ती याचमुळे. फोन ठेवताना म्हणाले, "मुलांना खेळू द्या, स्वच्छ प्राणी आहे." दिसायला ठणठणीत कासवसुद्धा साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जीवाणू बाळगून असू शकतं. हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि लहान मुलांना तोंडाजवळ नेऊ द्यायचं नाही.

आता कुणी कासव द्यायला आलं तर मी टॉवेल घेऊन बसेन. पुसायचं आणि अर्धा तास थांबायचं. कोरडं कवच मंद दिसतं. काचेसारखं लकाकलं तर वर काहीतरी फासलंय. उलटं करून पोटाकडची बाजू बघायची आणि नाक जवळ न्यायचं, या दोन गोष्टी मी केल्या असत्या तर हे लिहावं लागलं नसतं. उचलल्यावर ते भरीव लागलं पाहिजे, पाय झाडले पाहिजेत. समोर खायला घालायला सांगायचं. वर्षभरापूर्वीचा फोटो मागायचा, जो खरोखर लाडाने पाळतो त्याच्याकडे शंभर असतात. आणि ती जात पाळायला कायद्याने मुभा आहे का, हे घरी आणण्याआधी बघायचं.

बंडीचं अजून चालू आहे. दिवसभर कोरड्या, उबदार खोक्यात, सकाळ-संध्याकाळ तासभर पाण्यात, कारण पाण्याशिवाय तिला घास गिळता येत नाही. जखम पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने पुसायची, मलम लावायचं. पाण्यात समुद्रफेसाचा (कटलफिशच्या कॅल्शियमयुक्त कवचाचा) तुकडा तरंगत असतो, परवा त्याला पहिल्यांदा चोचीच्या खुणा दिसल्या. खळगा भरायला महिनोन्‌महिने जातील, वण राहील, असं डॉक्टर म्हणतात. पाठ आता पाटीसारखी मळकट, डागाळलेली, एका ठिकाणी खोलगट आहे. जाहिरातीत असा फोटो टाकला तर कुणी विचारणारही नाही.