सीपॅप मशीनचे सात महिने आणि त्याआधीचे आठ प्रश्न

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. त्याबद्दल लिहितोच, पण आधी प्रश्नावलीबद्दल. तिचं नाव स्टॉप-बँग. 2008 मध्ये टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेच्या पेशंटसाठी ती तयार केली, झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा, धोका ओळखायला. घोरणं, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास अडकताना कुणी पाहिलंय का, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35 च्या वर, वय 50 च्या वर, मान 40 सेंटीमीटरच्या वर आणि पुरुष असणं. प्रत्येक 'हो'ला एक गुण.

मी ती एकट्याने मोबाईलवर भरली. आले 3. बीपीची गोळी, 42 सेंटीमीटरची मान आणि पुरुष. थकव्याला 'नाही' लिहिलं, कारण डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज जाणारा कोण थकत नाही? परतीच्या गाडीत डोळा लागून दोनदा कल्याणला पोचलो, तेही मी गर्दीच्याच खात्यावर टाकलं होतं.

रात्री बायकोने तीच प्रश्नावली मागून घेतली. ती म्हणाली, "अहो, तुमचा श्वास थांबतो तेव्हा मी उठून बसते. परत सुरू झाला की मगच आडवी होते." चार वर्षं हे चाललं होतं. घोरणं, थकवा, श्वास अडकणं, तिन्ही 'हो' झाले. गुण 6, म्हणजे जास्त धोका.

बीएमआयचा गुण मला मिळालाच नाही. माझा 28 आहे. आपल्याकडे 25 च्या पुढेच लठ्ठपणा धरतात, त्यामुळे 35 ची अट बघून पोट सुटलेल्या माणसाने निर्धास्त राहू नये.

प्रश्नावली फक्त धोका सांगते, निदान करत नाही. त्यासाठी घरीच एक रात्र नाकात नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून झोपलो. तासाला 34 वेळा श्वास थांबत किंवा उथळ होत होता. 30 च्या पुढे तीव्र समजतात. रक्तातला ऑक्सिजन 78 टक्क्यांपर्यंत उतरलेला. तो रिपोर्ट वाचताना हात कापले.

मशीनचे पहिले तीन आठवडे फार जड गेले. मास्कमधून हवा डोळ्यांवर यायची, तोंड कोरडं पडायचं, पहाटे मास्क उशीखाली सापडायचा. मास्कचा साइझ बदलला आणि ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा भाग, वाढवला, तेव्हा जमलं. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालतो. पावसाळ्यात फिल्टर लवकर काळा झाला. वीज गेली की मास्क काढावाच लागतो, त्या रात्री झोप मोडते. आवाज पंख्यापेक्षा कमी.

आता मशीनवर तासाला श्वास अडकण्याचा तो आकडा 34 ऐवजी 3 च्या आसपास दिसतो. रात्री तीनदा लघवीला उठायचो, आता एकदा. सकाळचं डोकं दुखणं थांबलं. बीपीची गोळी मात्र चालूच आहे. आणि बायको सलग झोपते.

गेल्या महिन्यात हीच प्रश्नावली थोरल्या भावाला वहिनींसमोर बसवून भरायला लावली. पाच आले. शनिवारी रात्री त्याची तपासणी आहे.