कोरडवाहू माळावरील देशी रोपांसाठी मायकोरायझा पावडर : वापरानंतरचा अभिप्राय

पुरंदर तालुक्यातील मुरमाड माळावर खैर, हिवर, आपटा आणि बोर यांची रोपे लावताना आम्ही कृषी सेवा केंद्रातून आणलेली मायकोरायझा पावडर वापरली, आणि पावसाने मोठी ओढ दिल्यामुळे तिचा चांगलाच कस लागला. मायकोरायझा ही मुळांवर वाढणारी बुरशी आहे. केशमुळांना शिरता येत नाही अशा बारीक फटींतून तिचे तंतू पाणी व स्फुरद (फॉस्फरस) ओढून आणतात आणि मोबदल्यात रोपाने तयार केलेली साखर घेतात. ज्या रोपांच्या मुळांना पावडर थेट चोळली होती, त्यांपैकी हिवर आणि बोर दुपारी मलूल होऊनही सकाळी पुन्हा टवटवीत दिसत, तर पावडर न लावलेल्या ओळीत शेंडे वाळू लागले होते. आपट्यात मात्र फारसा फरक जाणवला नाही.

माझा आक्षेप सोबतच्या माहितीपत्रकावर आहे. त्यात पावडर आळ्यात वरून भुरभुरायला सांगितली आहे, आणि तसे केलेल्या ओळीत रोपांपेक्षा गाजर गवतच फोफावले. आळ्यातले पाणी गवतालाही आयते मिळते, त्यामुळे सारा दोष पावडरीचा नाही. परंतु ही बुरशी गाजर गवताच्या मुळांतही वस्ती करते, हे ग्राहकाला सांगायलाच हवे. 1950च्या दशकात पुण्यात आढळलेल्या या परदेशी तणाचे एकेक झाड हजारो बिया टाकते, जमिनीलगत पसरलेली त्याची पाने कोरड्या दिवसांत तग धरतात, आणि त्यातील पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या रोपांची वाढ रोखते. म्हणून ते फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटल्याशिवाय पावडरीवर खर्च करू नये.

दुकानात याच पावडरीसोबत सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे खतही सुचवले जाते, तेही टाळावे, कारण स्फुरद मुबलक मिळाले की मुळांत बुरशी नीट रुजत नाही.

बांधावरच्या जुन्या खैराखालची ओंजळभर माती आम्ही एका ओळीत विरजणासारखी घातली होती, आणि तेथील रोपे विकतच्या पावडरीच्या रोपांइतकीच टिकली. जवळपास असे जुने देशी झाड असेल, तर मी पाकीट घेणार नाही. उघड्या, नुसता मुरूम उरलेल्या माळावर जेथे असे झाड उरलेलेच नाही, तेथे ही पावडर जरूर घ्यावी; फक्त पाकिटावरील अंतिम मुदत तपासावी आणि दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला माल घेऊ नये.