जळकं तेल नेणाऱ्यांचा दीड वर्षाचा अनुभव

बेळगावच्या शहापुरात आमचं फरसाण-भज्याचं दुकान आहे. रोज दोन कढया चढतात, एक शेव-चकलीची, एक मिरची भजी-वड्याची. आठवड्याला वीस-बावीस किलो काळं तेल उरतं. पूर्वी ते कोण न्यायचं हे सांगायला लाज वाटते. संध्याकाळी सायकलवरून एकजण यायचा, डबा बांधायचा, पैसे हातावर ठेवून जायचा. पुढं कुठं देतोस म्हणून आम्ही कधी विचारलं नाही. कुठल्या तरी गाड्यावर ते परत कढईत पडणार हे न विचारताच कळत होतं.

दीड वर्षापासून बायोडिझेलवाले, म्हणजे अशा तेलाचं डिझेलसारखं इंधन करणारे, नेतात. तक्रारही करणार आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

न्यायला येणारा पोरगा कन्नड, पण आमच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलतो. पहिल्या दिवशी त्यानं कढईतल्या गरम तेलात मीटर बुडवला. शेवेच्या कढईत १७, भज्याच्या कढईत २६. १ जुलै २०१८ पासून नियम आहे, तेलातले पोलर घटक, म्हणजे तळून तळून तेल बिघडलं की त्यात वाढणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खायच्या कामाचं नाही. मिरचीचा ओलावा आणि तळाशी बसलेलं पीठ, यांनी भज्याचं तेल लवकर मरतं हे मला हातानं कळत होतं, आकड्यात पहिल्यांदा दिसलं. रोज ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना वापराची वही ठेवावी लागते. आम्ही त्यात बसत नाही, तरी मी ठेवते.

मग त्यानं आमचाच तवा मागून घेतला. डब्याच्या तळातलं पळीभर तेल तापल्या तव्यावर टाकलं. तडतड तडतड उडालं. "अक्का, नीर आहे री यात," म्हणाला आणि दीड किलो कापले. मी भांडलेच. नंतर कळलं, आमच्या कामवाल्या पोरीनं झाऱ्या धुतलेलं पाणी त्याच डब्यात ओतलं होतं.

पाण्याचा एवढा राग का, ते त्यांच्या शेडवर जाऊन बघितलं. तेल गाळून, तापवून आधी पाणी उडवतात. मग थोडंसं तेल स्पिरिटासारख्या द्रवात घालून त्यात थेंब थेंब कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडतात. गुलाबी रंग टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचं. तेल जितकं जळकं, तितकं कॉस्टिक जास्त. १०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल, त्यात कॉस्टिक विरघळवायचं आणि ५५-६० अंशावर ढवळत ठेवायचं. ६५ च्या आसपास मिथेनॉलच उकळायला लागतं. ते विषारी, पेट घेणारं, म्हणून मला टाकीपासून लांबच उभं केलं. तेलात पाणी राहिलं की डिझेलऐवजी साबण होतो. रात्रभर ठेवल्यावर खाली ग्लिसरीन बसतं, अगदी काकवीसारखं काळपट आणि घट्ट, वर चहाच्या रंगाचं बायोडिझेल. ते धुऊन, सुकवून विकतात.

माझा भाचा म्हणाला, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं. आजचा शेंगतेलाचा भाव बघून कुणी चालवून दाखवावं.

आता तक्रार. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी होत्या, लाईट जायची, म्हणून जनरेटरसाठी त्यांच्याकडूनच २० लिटर घेतलं. तीन तास चाललं आणि बंद. मेकॅनिकनं फिल्टर काढला तर डांबर भरल्यासारखा. बायोडिझेल जुन्या टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला मळ सोडवतं आणि तो फिल्टरात येऊन बसतो म्हणे. रबरी नळीही फुगून मऊ झाली होती. टाकी धुवा, नळी बदला, आधी डिझेलात थोडं मिसळून बघा, हे विकणाऱ्यानं सांगायला नको? चकलीचं पीठ भिजवलेलं, आणि मी अंधारात बसलेली. जानेवारीत तर पहाटे कॅनमध्ये साजूक तुपासारखी कणी धरली. आम्ही पामतेल वापरतो, त्यातून झालेलं डिझेल आपल्या बेळगावच्या थंडीला लवकर गोठतं. ऊन आल्यावर पातळ झालं. धुराला भज्याचा वास येतो म्हणतात. मला तरी आला नाही, पण तीस वर्षं कढईपुढं उभं राहून माझं नाक राहिलंय कुठं!

दुसरं म्हणजे बुधवार म्हणतात आणि बुधवार पाळत नाहीत. गणपतीत दहा दिवस फिरकले नाहीत, डब्यांना मुंग्या लागल्या. पावती कन्नडमध्ये असते, ती नात शाळेतून आल्यावर वाचून दाखवते. वजन-दर मात्र आजवर एकदाही चुकलेला नाही. काटा आमच्यासमोर लावतात, आधी रिकामा डबा तोलतात.

तेल द्यायला पाचपैकी चार. त्यांचं डिझेल घ्यायला दोनच, तेही जनरेटर नवा असेल तर.

या बुधवारी दोन आठवड्यांचे तीन डबे दिले, फडक्यातून गाळून. ४४ किलो, ४२ रुपयांनी १,८४८ रुपये. तवा मीच तापवून ठेवला होता. तडतडला नाही.